पऱ्हाटीतला अर्धा र

गेल्या वर्षी मे महिन्यात अकोल्याला काकूंकडे गेलो होतो. जठारपेठेतल्या त्या घरात काकांची खोली अजून होती तशीच आहे. काकांनी दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले आणि तेवढीच वर्षे वऱ्हाडी शब्द गोळा केले. बाजारात, लग्नात, मयतीत, एस. टी.च्या रांगेत जिथे नवा शब्द कानावर पडेल तिथे खिशातून कागद निघायचा. त्या चिठ्ठ्यांना पुढे वाळवी लागली. पण त्याआधी, १९९७ साली, काकांनी सगळा संग्रह अमरावतीच्या एका डीटीपी सेंटरमध्ये टाइप करून घेतला होता. पुस्तक निघाले नाही, पैसे पुरले नाहीत. राहिल्या चार फ्लॉप्या आणि बटर पेपरवर काढलेली बावीस पाने.

मी अमरावतीला राजापेठेत राहतो आणि गेली पस्तीस वर्षे संगणकाच्या नादात आहे. घरात तीन जुनी यंत्रे चालू स्थितीत ठेवली आहेत, त्यावरून बायकोची बोलणी खातो. फ्लॉपी वाचणारे यंत्र माझ्याकडे होतेच. चारांतल्या तीन फ्लॉप्या वाचल्या गेल्या, आणि चौथीवरचा मजकूर दुसऱ्या फ्लॉपीची प्रत निघाला. सुमारे साडेअठराशे शब्दांची फाइल हाती आली. उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा. तो अपेक्षित होता. आठवडाभर खपून त्याचे देवनागरीत रूपांतर केले, छापील प्रत काकूंपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवले.

“हे पहाटी काय रे बाबू? पऱ्हाटी लिवलं हाये त्याईनं.”

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे झाड. ज्या मुलखाचे सगळे बरेवाईट कापसावर झाले, त्या मुलखाच्या शब्दसंग्रहात पऱ्हाटीची पहाट झाली होती. पुढे पाहिले तर तुऱ्हाटीची तुहाटी, कुऱ्हाडीची कुहाड, शेतकऱ्याचा शेतकया, आणि मुखपृष्ठासाठी टाइप केलेल्या ओळीत वऱ्हाडाचे वहाड. एकच अक्षर सगळीकडून गळाले होते. ते का गळाले याचा शोध घेता घेता मराठी संगणकाच्या चाळीस वर्षांत मागे जावे लागले. हा लेख त्या शोधाचा आहे.

अक्षर तसे छोटेसे. ‘र’ दुसऱ्या व्यंजनाला जोडताना मराठीत त्याची दोन रूपे होतात. एक रफार, जो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो: सूर्य, कार्य, दर्या. दुसरे रूप म्हणजे पुढच्या अक्षराच्या डावीकडे चिकटलेली आडवी, वाकडी रेघ: सुऱ्या, दऱ्या, वऱ्हाड. उच्चारात फरक असा की रफारात मागच्या अक्षरावर जोर येतो, या रेघेत येत नाही. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधली खोरी. आचार्यांना जेवायला बोलावले आणि आचाऱ्यांना जेवायला बोलावले, यात पंगतीचा सगळा मानपान उलटतो. हिंदीला या रूपाची गरज पडत नाही. मराठीला, कोकणीला आणि नेपाळीला पडते. नेमकी हीच गोष्ट पुढच्या घोटाळ्याचे मूळ आहे, कारण संगणकावरची देवनागरी पुष्कळ ठिकाणी आधी हिंदीसाठी बेतली गेली आणि मग मराठीच्या अंगावर चढवली गेली.

आमच्या भागात हे अक्षर जरा जास्तच लागते. मुलखाचे नावच त्याच्यावर उभे. फारसी दप्तरांनी त्याचे बरार केले, १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला तेव्हा त्यांनी बेरार लिहिले, आणि ऱ्ह दोघांनीही सोडून दिला. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीची नोंद आली ती तरी मुळाला धरून. गावांत पाहा: अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात कुऱ्हा आहे आणि त्याच जिल्ह्यात दर्यापूरही आहे. कुऱ्ह्यात रेघ, दर्यापुरात रफार. कोणी संगणकाला सरसकट नियम घालून दिला की ‘मराठीत रेघ द्या’, तर दर्यापूर डोंगरात जाऊन बसेल. आडनावांत कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडपांडे. आणि ज्या शब्दावाचून इथला एकही सरकारी कागद पुरा होत नाही, तो ‘शेतकऱ्यांना’.

छापखान्याला या अक्षराने कधी त्रास दिला नाही. शिशाच्या खिळ्यांचा जमाना मी शेवटी शेवटी पाहिला. अमरावतीत जयस्तंभ चौकाच्या मागच्या गल्लीत एका ट्रेडल छापखान्यात शाळेच्या सुट्टीत जाऊन बसायचो. जुळारी केसमधून न बघता खिळे उचलायचे. देवनागरीची केस म्हणजे खणाखणांचा डोंगर, इंग्रजीच्या कितीतरी पट. जोडाक्षरांचे वेगळे, मात्रांचे वेगळे, आणि त्यांत या आडव्या र चा आपला स्वतंत्र खण. खिळा झिजला तर मालक फाउंड्रीला पत्र टाकत. मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये सुरू केला तेव्हापासून मराठी टाइप ओतणाऱ्यांनी मराठीच्या गरजा ओळखून खिळे केले. म्हणजे ज्याला आपण मागासलेले तंत्र म्हणतो ते या बाबतीत पुरते मराठी होते. टंकयंत्राने थोडी काटछाट केली, कारण कळा मोजक्याच. तरी टंकयंत्र जे उमटवी ते कागदावर उमटे, आणि कागद कोणालाही वाचता येई.

खरा फेरबदल डीटीपीने केला. साल साधारण १९९० ते १९९५. छपाई ऑफसेटवर गेली होती. आता टाइप संगणकावर, पान पेजमेकरमध्ये, लेझर प्रिंटरवर बटर काढायचे आणि त्यावरून प्लेट. दोन-तीन वर्षांत खिळ्यांच्या केसी भंगारात गेल्या. अमरावती, अकोला, मूर्तिजापूर, परतवाडा, सगळीकडे तालुक्याच्या कोर्टासमोर डीटीपीच्या पाट्या लागल्या. लग्नपत्रिका, शोधप्रबंध, गौरवग्रंथ, ग्रामपंचायतीचे अहवाल, कवितासंग्रह. वऱ्हाडात त्या पंधरा वर्षांत जेवढा मराठी मजकूर टाइप झाला तेवढा त्याआधी क्वचितच झाला असेल. अमरावतीला विद्यापीठ आले ते १९८३ मध्ये, त्यामुळे प्रबंधांचे काम तर रांगेने असायचे.

हे सगळे ज्या युक्तीवर चालले ती युक्ती समजून घ्यायला हवी. संगणकाला तेव्हा देवनागरी येत नव्हती. त्याला रोमन अक्षरे येत होती, प्रत्येकाला एक आकडा. फॉन्ट बनवणाऱ्यांनी काय केले, तर रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र बसवले. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहितो आहोत, आपल्याला पडद्यावर मराठी दिसे. उदाहरण देतो. कृतिदेव नावाचा फॉन्ट पुष्कळांना ठाऊक आहे. त्यात ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की फाइलमध्ये प्रत्यक्षात उमटतात ती पाच रोमन अक्षरे: ई, जे, के, मोठ्या लिपीतला बी, एच. ई च्या जागी म चे चित्र, जे च्या जागी र, के च्या जागी काना, असे. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट काढला की ‘इजेकेबीएच’. भाषेचा पत्ताच फाइलमध्ये नाही, फक्त चित्रांचा क्रम आहे. आणि क्रमही दिसण्याचा: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. बोलताना आपण ‘क’ म्हणून मग ‘इ’ म्हणतो, फाइलमध्ये उलटे.

बरे, सगळ्यांचा तक्ता एक असता तरी निभावले असते. प्रत्येक कंपनीचा निराळा. श्रीलिपीचा एक, आकृतीचा एक, पुण्याच्या सी-डॅकच्या सुरेख-योगेश या फॉन्टांचा आणखी एक, शिवाजीचा वेगळाच. फॉन्ट चोरीला जाऊ नये म्हणून काही पॅकेजांबरोबर प्रिंटरच्या पोर्टला लावायचे कुलूप येई, डोंगल. ते हरवले की मराठी बंद. मी स्वतः एका सहकारी संस्थेचा अहवाल एका सेंटरवरून दुसऱ्यावर नेला तेव्हा पूर्ण पुन्हा टाइप करावा लागला होता. त्या वेळी मला त्यात वावगे काही वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. उलट रात्री बारा वाजता पडद्यावर सुबक शिरोरेघ दिसली की धन्य वाटे. कंपन्यांना नावे ठेवणेही मला पटत नाही. ज्या काळात यंत्रात मराठीला जागाच नव्हती त्या काळात त्यांनी लोकांचे काम चालवले, आणि त्यांच्या अक्षररेखाटनाचा दर्जा आजच्या कित्येक फुकट फॉन्टांपेक्षा सरस होता. चूक झाली ती आपली, वापरणाऱ्यांची. आपण फाइल म्हणजे मजकूर असे समजून चाललो.

इथे मला नेहमी रिद्धपूर आठवते. अमरावतीहून मोर्शीच्या वाटेवरचे हे गाव गोविंदप्रभूंचे, आणि म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्राची सामग्री जमवली ती इथे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावे, सकळ लिपी रवळोबासांनी केली असे परंपरा मानते. युक्ती अगदी साधी: एका अक्षराच्या जागी दुसरे चिन्ह. तक्ता ज्याच्याकडे तो वाचणार. भाषा मराठीच, तीही चोख मराठी, पण बाहेरच्या माणसाला पोथी म्हणजे नुसत्या रेघोट्या. शेकडो वर्षे हे ग्रंथ मठांबाहेर कोणाला वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी या लिपीची उकल केली, मग यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्ये घालून ते वाङ्मय उजेडात आणले. कोलत्यांचे लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

डीटीपीच्या फाइली म्हणजे तंतोतंत तेच तंत्र, चिन्हाला चिन्ह. फरक असा की महानुभावांनी ते जाणूनबुजून केले, आणि तक्ता गुरुशिष्यपरंपरेने जिवंत ठेवला. आपण ते नकळत केले आणि तक्ता एका कंपनीच्या फॉन्टफाइलमध्ये ठेवून विसरलो. पोथीच्या कागदाला चारशे वर्षे काही झाले नाही. फ्लॉपीला दहा वर्षांत बुरशी लागते. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. त्या विद्यापीठात पोथ्यांचा विभाग असणारच. शेजारी एक टेबल जुन्या फॉन्टांतल्या फाइलींसाठी ठेवावे, असे माझे म्हणणे आहे, आणि त्यात गंमत करण्याचा हेतू नाही.

काकांच्या फाइलीची उकल करताना मी राजवाड्यांच्या वाटेनेच गेलो, अर्थात माझे काम पोरखेळ होते. मूळ फॉन्ट मिळाला नाही. ते डीटीपी सेंटर आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. पण बटर पेपरची बावीस पाने होती. छापील पान आणि त्याच पानाची फाइल शेजारी ठेवली की तक्ता हळूहळू भरत जातो. सर्वांत जास्त वेळा येणारे चिन्ह म्हणजे काना. मग अनुस्वार, र, ल, त. वेलांटी उचलून व्यंजनामागे ठेवायची, रफार उचलून जोडाक्षराच्या पुढे आणायचा. दोन दिवसांत नव्वद टक्के मजकूर वाचता आला. तेवढ्यावर मी खूश होऊन अकोल्याची गाडी धरली होती.

मग ऱ् कुठे गेला? देवनागरीची चित्रे भरतात दोनशेच्या आसपास, आणि की-बोर्डवरच्या रोमन खुणा शंभराच्या आत. उरलेली चित्रे फॉन्टवाल्यांनी १२८ च्या पुढच्या आकड्यांवर बसवली. त्या आकड्यांतला १२८ ते १५९ हा पट्टा वाईट. आंतरराष्ट्रीय तक्त्यात तो यंत्राच्या हुकुमांसाठी राखीव, विंडोजने मात्र तिथे वळणदार अवतरणचिन्हे आणि आडव्या रेघा बसवलेल्या. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात मजकूर नेताना या पट्ट्यातली चिन्हे काही प्रोग्रॅम बदलत, काही सरळ गाळून टाकत. काकांच्या फॉन्टात आडवा र त्या पट्ट्यात होता. फाइल फ्लॉपीवर उतरवताना कोणीतरी ती साध्या मजकुराच्या रूपात जतन केली असणार, जागा वाचावी म्हणून. तेवढ्यात ते चिन्ह गेले. मागे जागाही सोडली नाही. म्हणून ‘पऱ्हाटी’ची थेट ‘पहाटी’.

हिंदीवाल्याचे त्यात काहीच गेले नसते, हा भाग लक्षात घ्या. हिंदी मजकुरात ते चिन्ह येतच नाही.

आता कोणी म्हणेल, हे जुने दुखणे, युनिकोड आल्यावर संपले. बरेचसे संपले, हे खरे. त्याची पायाभरणी आपल्याकडेच झाली. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जे काम केले ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅक १९८८ चे. त्यांचे जिस्ट कार्ड संगणकात खोचले की साध्या डॉसवर मराठी दिसे. इन्स्क्रिप्ट की-बोर्ड १९८६ मध्ये ठरला, आणि अक्षरांच्या आकड्यांचे भारतीय मानक, इस्की, १९९१ मध्ये. त्यात लिपीचे चित्र साठवायचे नाही, अक्षर साठवायचे, हा मूळ विचार होता. क आधी, इकार मागून, बोलतो तसा. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षी निघाली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरून घेतली. विंडोज २००० मध्ये ती घराघरांत पोचण्याच्या लायकीची झाली. त्यातला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी रेखाटलेला. एक्सपी आले तरी मराठी चालू करायला सीडी शोधून कंट्रोल पॅनेलमध्ये खूण करावी लागे. किती लोकांच्या घरी जाऊन मी ती खूण केली आहे! चहाच्या बदल्यात.

पण आडव्या र चे काय झाले पाहा. इस्कीत ‘ऱ’ असे नुक्त्याचे एक अक्षर होते. ते खरे म्हणजे द्रविडी भाषांतला र लिहिण्यासाठी. ठरले असे की त्याचा पाय मोडला की मराठीची आडवी रेघ मिळेल. युनिकोडने ते घेतले. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत आणखी एक वाट होती: साधा र, हलन्त, आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह. जुने मजकूर बिघडू नयेत म्हणून पुढे दोन्ही वाटा चालू राहिल्या. कोणत्याही वाटेने गेलात तरी पडद्यावर वऱ्हाड तेच दिसते. आत मात्र एका वऱ्हाडात सहा चिन्हे आहेत आणि दुसऱ्यात सात. आणि संगणक डोळ्यांनी वाचत नाही, तो आकडे जुळवतो. युनिकोडकडे एकसारख्या दिसणाऱ्या लेखनांना एका रूपात आणण्याचा अधिकृत नियम आहे, तोही या दोघांना एक मानत नाही.

परिणाम रोजचा आहे. मी माझ्याच संगणकावर साठवलेल्या बातम्यांच्या कात्रणांत ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द शोधला, एका तऱ्हेने टाइप करून आणि मग दुसऱ्या तऱ्हेने. दोन वेगळ्या याद्या आल्या, एकही कात्रण दोन्हींत नव्हते. कोणता की-बोर्ड कोणती वाट धरतो यावर ते अवलंबून, टाइप करणाऱ्याला पत्ताही नसतो. तिसरी जात आहे ती हिंदी की-बोर्डवरून आलेल्या ‘शेतकर्यां’ची. उद्या कोणी विद्यार्थी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरच्या बातम्या शोधायला बसला आणि त्याने एकच रूप टाइप केले, तर त्याचा निष्कर्ष अपुऱ्या पुराव्यावर उभा राहील, आणि पुरावा अपुरा आहे हे त्याला कळणार नाही. चांगली शोधयंत्रे हल्ली हे भेद पोटात घालतात. साधी एक्सेलची यादी, कार्यालयातला डेटाबेस, पीडीएफमधला शोध मात्र घालतोच असे नाही. मतदारयादीत कुऱ्हाडे सापडत नसतील तर आधी हे तपासावे.

‘ॲ’ ची कहाणी याच्याच भावकीतली. ॲप, ॲसिड, ॲडमिशन. हे अक्षर मराठी पद्धतीने अ वर अर्धचंद्र देऊन लिहायचे तर २००८ पर्यंत युनिकोडात त्याला स्वतंत्र आकडाच नव्हता. लोक अ टाइप करून त्यावर सुटा चंद्र ठेवत. काही यंत्रांवर ते ठीक दिसे, काहींवर चंद्राखाली ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ. २००८ मध्ये आकडा मिळाला, पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, राज्य शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढला आणि त्यात ॲ आणि ऑ ला स्वरांत बसवले. तरी जुन्या सवयीचे दोन तुकड्यांतले अॅ अजून सगळीकडे पडलेले आहेत. दिसायला जुळे, शोधायला परके.

क्रमवारीचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, मग क्ष, ज्ञ. युनिकोडच्या तक्त्यात ळ आहे ल च्या लगेच मागे. मराठीची क्रमवारी कशी लावावी याचे नियम आंतरराष्ट्रीय संग्रहात नोंदलेले आहेत, पण पॅकेज बनवणाऱ्याने ते वापरले तर. कोश करणाऱ्या माणसाने तयार यादी यंत्राकडून लावून घेतली आणि तशीच छापली, तर शाळेत वर्णमाला पाठ केलेला वाचक बरोबर चुकीच्या पानावर जाईल.

सगळ्यांत जास्त चीड मला येते ती तांबड्या रेघेची. मोबाइलवर ‘मले’ लिहिले की ‘मला’ सुचवतो, ‘कायले’ लिहिले की खाली लाल. ‘डोया’, ‘केय’, ‘वावर’, ‘पोट्टं’ यांतल्या बहुतेकांना यंत्र शुद्धलेखनाची चूक समजते. शाळेत गुरुजी हेच करायचे, म्हणून वऱ्हाडी पोरे बाहेरगावी तोंड उघडायला लाजायची. गुरुजी निदान घरी गेल्यावर स्वतः वऱ्हाडी बोलत. यावर उपाय तसा सोपा आहे आणि तो आपल्या हातात आहे: शब्दसंग्रह खुल्या रूपात, साध्या युनिकोड मजकुरात उपलब्ध करून देणे. तपासनीस प्रोग्रॅमला यादी मिळाली तर तो रेघ मारत नाही. फॉन्टांचे काम असेच उघड्यावर झाले. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, हे आज कोणालाही फुकट घेता येतात. शब्दांचे काम मागे आहे. म्हणून तर काकांच्या फाइलीच्या मी एवढा मागे लागलो.

तिकडे वळतो. ‘पहाटी’ची पऱ्हाटी करणे सोपे होते, तसा दुसरा शब्दच नाही. कुहाड, तुहाटी, वहाड, तिन्ही एका फटक्यात दुरुस्त. ‘शेतकयाले’ही. अडचण आली ती वऱ्हाडीच्याच एका लकबीमुळे. वऱ्हाडीत ळ चा पुष्कळदा य होतो: डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. आता फाइलमध्ये ‘गोया’ दिसला, तर तो ‘गोळा’चा वऱ्हाडी गोया, की ‘गोऱ्या’तला आडवा र गळून उरलेला? वाक्यात ‘गोया झाले’ असेल तर माणसे गोळा झाली हे कळते. पण काकांनी काही ठिकाणी नुसता शब्द आणि पुढे ‘वरीलप्रमाणे’ एवढेच लिहिलेले. असे एकशे साठ शब्द निघाले. मी तर्क लढवले, वारंवारिता मोजली, छोटासा प्रोग्रॅमही लिहिला. त्याने एकशे दहा शब्दांवर आत्मविश्वासाने उत्तर दिले.

काकूंनी त्यांतले तेवीस चुकीचे ठरवले.

हे काम आम्ही असे केले: मी शब्द वाचायचा, दोन्ही रूपांनी. काकू डोळे मिटून ऐकायच्या. कधी लगेच बोलायच्या, कधी “थांब जरा” म्हणून भाजी निवडत बसायच्या. त्यांना व्याकरण सांगता येत नव्हते. त्यांना प्रसंग आठवायचा. कोणी कुठे म्हटले होते, कोणत्या लग्नात, तेव्हा घरात कोण आजारी होते. एका शब्दापाशी त्या एकदम हसल्या आणि म्हणाल्या, “हा माया सासूचा शब्द. त्याईनं मले न सांगता लिवून घेतला वाटते.” त्या दिवशी पुढे काम झाले नाही.

एका प्रश्नावर मात्र आमचे पटले नाही. फाइल पुन्हा लिहिताना मी आडव्या र साठी ‘ऱ’ ची वाट धरली, कारण तीत अदृश्य काही नाही, नक्कल करताना गळण्याची भीती कमी. काकूंचे म्हणणे, छापून घे. फाइलीवर त्यांचा विश्वास नाही, आणि त्यांच्या अनुभवावरून पाहता त्यांना चूक म्हणता येत नाही. शेवटी दोन्ही केले. साधी मजकूर-फाइल, सोबत कोणत्या चिन्हासाठी कोणता आकडा वापरला त्याचा एक पानी तक्ता, आणि कागदावर तीन प्रती. एक अकोल्यात, एक माझ्याकडे, एक दर्यापूर तालुक्यातल्या काकांच्या शाळेत. कागदावरच्या अक्षराला काका वापरत असत तसाच काळा, ठसठशीत टाइप निवडला.

अजून सतरा शब्द राहिले आहेत. नवरात्रात काकूंचा फोन आला होता. त्यांच्या माहेरच्या गावी, मूर्तिजापूरजवळ, नव्वदीच्या एक आजी आहेत, त्यांना ऐकू कमी येते पण बोलणे खणखणीत. सतरा शब्दांची चिठ्ठी काकूंनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. दिवाळीच्या पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून निघायचे ठरले आहे.